घोटा काहीच सांगत नाही

त्या व्हिडिओत मला कोणीही हात लावलेला नाही. चढाई करून मी परत वळतेय, मधली रेषा अगदी जवळ आहे, बचाव करणाऱ्या मुली अजून मागेच आहेत, आणि उजव्या पायावर वळता वळता मी खाली बसते. बसते असंच म्हणायला हवं, कारण बघणाऱ्याला तसंच दिसतं. मग कोपऱ्यातली मुलगी धावत येऊन माझ्या पाठीवर पडते आणि शिट्टी वाजते.

नगरला झालेल्या जिल्हा निवड चाचणीतला तो सामना. प्रेक्षकांतल्या कोणीतरी तो मोबाईलवर घेतला आणि फिरत फिरत तो राजूरच्या जीप स्टँडवर आप्पांपर्यंत पोचला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. राजूर ते भंडारदरा अशी ते जीप चालवतात. तरुणपणी स्वतः मातीवरची कबड्डी खेळलेले. मला चढाई त्यांनीच शिकवली, घरामागच्या खळ्यावर, काठीने रेषा ओढून. शाळेच्या सामन्यांना भाडं सोडून मला आणि आमच्या अख्ख्या संघाला जीपमध्ये कोंबून न्यायचे, आणि रेषेबाहेर उभं राहून पंचांशी भांडायचे.

चाचणीनंतर मी गावी आले, त्या संध्याकाळी त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला.

"यात तुला कोनी धरलंय ते दाव मला."

"कोणी नाही, आप्पा. पाय गेला."

"पाय जातो म्हंजी? पाय काय यष्टी हाय का, न सांगता निघून जायाला?"

ओट्यावर बसलेले दोघेतिघे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि जेवायला न बसता जीप धुवायला गेले. आई मला म्हणाली, "त्यांच्या नादी लागू नको. जेव तू." पण तिनेही मला विचारलं नाही की दुखतंय का.

पाय पहिल्यांदा मुरगळला तेव्हा मी नववीत होते. उडी मारून उतरताना दुसऱ्या मुलीच्या पावलावर माझं पाऊल पडलं आणि उजवा घोटा आतल्या बाजूला वळला. बाहेरून आंब्याएवढा सुजला. आईने आंबेहळदीचा लेप लावला. तालुक्याच्या गावी, अकोल्याला नेऊन एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, शीर ताणली गेलीय, पट्टी बांधा आणि आराम करा. हाड शाबूत आहे एवढंच आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलं, मीसुद्धा. सूज उतरायच्या आत मी मैदानावर होते.

त्यानंतर तो घोटा वळतच राहिला. कधी बांधावरून चालताना, कधी एसटीच्या पायरीवरून उतरताना, एकदा तर सपाट डांबरी रस्त्यावर. पायाखालचा पाट कोणी ओढून घ्यावा तसं व्हायचं. आणि दर वेळी सूज पहिल्यापेक्षा कमी यायची. आधी मला वाटलं, म्हणजे बरा होत चाललाय. पुढे कळलं की सूज कमी येणं माझ्याच विरोधात जातंय. दाखवायला काही नसेल तर दुखण्यावर कोण विश्वास ठेवणार?

बारावीनंतर नगरच्या एका क्रीडा प्रबोधिनीत माझी निवड झाली. राहायची सोय तिथेच. शहराच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण आमच्या बोलण्यात नगरच आहे. तिथले प्रशिक्षक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, वाईट माणूस नव्हते. पहाटे आमच्याआधी मैदानावर असायचे, मुलींना वेळेवर दूध-अंडी मिळतात का ते स्वतः बघायचे. पहिल्या वर्षी त्यांनी माझा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधून दिली होती. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "बाळा, घोटा सगळ्यांचाच मुरगळतो. तुझ्या डोक्यात भीती बसलीय. ती काढ." तिसऱ्या वर्षी त्यांनी म्हणणं सोडून दिलं. मी लंगडत बाहेर आले की ते दुसऱ्या मुलीला आत पाठवायचे आणि माझ्याकडे बघायचे नाहीत.

भीती आहे हे इतकं ऐकल्यावर ती मलाही वाटायला लागली. रात्री अंथरुणात मी स्वतःला विचारायचे, खरंच पाय जातो की मीच सोडते? समोरून मुली अंगावर येताना मला बसून घ्यावंसं वाटतं का? मी उजव्या पायावर वळणं टाळायला लागले. उडी डाव्यावर, वळण डाव्यावर, सगळा भार डाव्यावर. डावा पाय माझा, उजवा कोणाचातरी, असं झालं होतं.

राज्य स्पर्धेत खेळले असते तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागांसाठी अर्ज करता आला असता. घरात त्याबद्दल फार बोलणं होत नसे, पण आप्पांनी जीपच्या काचेमागे माझा खेळातला फोटो लावला होता आणि प्रवाशांनी विचारलं की सांगायचे, "पोरगी हाय माझी. खाकीत जानार हाय." निवड चाचणीनंतर संघ जाहीर झाला, त्यात मी नव्हते. पुढच्या वेळी जीपमध्ये बसले तेव्हा फोटो तिथेच होता, पण आप्पांनी त्याच्यावर पार्किंगच्या पावत्या खोचल्या होत्या.

त्याच काळात नगरजवळच्या एका फिजिओथेरपी कॉलेजातल्या मॅडम प्रबोधिनीत आल्या. त्यांना खेळाडू हवे होते. ज्यांचा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो अशा मुली, आणि ज्यांचा कधीच मुरगळला नाही अशाही. व्हीआर लावून तोल तपासायचा होता. व्हीआर म्हणजे काय हे आमच्यातल्या एकीलाच माहीत होतं, तिने शिर्डीच्या मॉलमध्ये तो चष्मा लावून पाळण्यात बसल्याचा अनुभव घेतला होता. सर म्हणाले, "जा जा. नाश्ता मिळेल." आम्ही सहलीला निघाल्यासारख्या गेलो.

दुसऱ्या मजल्यावरची मोठी खोली. मधोमध वजनकाट्यासारखी एक चौकोनी पाटी जमिनीवर ठेवलेली, तिच्यातून वायर निघून कॉम्प्युटरला गेलेली. छताला अडकवलेला एक पट्टा, पडलो तर झेलायला. आणि तो चष्मा. चष्मा कसला, डोळ्यांवर बांधायचा डबाच. बाहेरचं काहीच दिसत नाही, आतलंच दिसतं.

माझ्या आधी तीन मुलींचं झालं. त्या डुलल्या, हसल्या, उतरल्या. मग मॅडमनी माझे दोन्ही घोटे हातात घेऊन हलवून बघितले. उजवा हलवताना त्या थांबल्या, पुन्हा हलवला.

"किती वर्षं आहे हे?"

"नववीपासून."

"चालताना कधी आपोआप वळतो?"

"हो."

"खेळताना आणि कोणी ढकललेलं नसताना?"

तो प्रश्न मला इतक्यांनी इतक्या वेगळ्या आवाजात विचारला होता की त्यांच्या आवाजात आरोप नाही, हे कळायलाच वेळ लागला. मग म्हटलं, "हो."

चष्मा चढला. आत एक लांबलचक रिकामा हॉल होता, फरशीवर रेघा आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. "ठिपक्याकडे बघ," मॅडमचा आवाज आला, "काहीही दिसलं तरी नुसती उभी राहा." दोन पायांवर उभी राहिले, ठीक होतं. मग उजव्या एकट्यावर. घोटा थरथरत होता, पण उभी होते. आणि मग तो हॉल सरकायला लागला. आधी जरासा पुढे, मग मागे, मग नाव डुलावी तसा बाजूला. मला माहीत होतं की मी एका खोलीत पक्क्या जमिनीवर उभी आहे. स्वतःला तसं सांगतही होते. पण हॉल डावीकडे कलला आणि माझं अख्खं शरीर त्याच्या मागे गेलं. पट्टा काखेत रुतला. मी लोंबकळत होते आणि तोंडातून शिवी गेली होती.

मुली खो खो हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "पुन्हा करू," म्हणाल्या. पुन्हा केलं, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा पडल्यावर मुलींचं हसणं थांबलं.

"आता डावा," मॅडम म्हणाल्या.

मी म्हणाले, "डावा चांगला आहे माझा."

डाव्यावरही मी पडले. तेवढ्या जोरात नाही, तेवढ्या लवकर नाही. हॉल सरकायला लागल्यावर थोडा वेळ टिकले आणि मग पाऊल खाली टेकवलं. पण आधीच्या तिन्ही मुली टिकल्या होत्या.

नंतर त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. उभं असताना शरीर कुठे कुठे गेलं त्याची रेघ पडद्यावर उमटलेली होती. आधीच्या मुलीची रेघ म्हणजे सुपारीएवढा गोळा. माझी, मांजराने खेळून टाकलेल्या लोकरीसारखी.

"नीट उभं राहायचं तर आपल्याला तीन ठिकाणांहून बातमी लागते," त्या म्हणाल्या. "डोळे, कानाचा आतला भाग, आणि पाय. हा चष्मा डोळ्यांना मुद्दाम खोटी बातमी देतो. ज्याचा घोटा चांगला आहे त्याचा घोटा म्हणतो, डोळ्यांना काय दिसायचं ते दिसू दे, जमीन हलत नाहीये. तुझा घोटा काहीच सांगत नाही. मग मेंदू डोळ्यांचं ऐकतो आणि तू पडतेस."

"म्हणजे मी भीत नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भीतही असशील. इतक्या वेळा पडल्यावर कोण भिणार नाही? पण भीतीने घोटा सैल होत नाही. हाताला लागतोय तो सैलपणा. नुसत्या या यंत्रावर मी बोलत नाहीये, हे अजून आम्हीही शिकतोय. पण तू सांगतेस ते, हाताला लागतं ते आणि हे, सगळं एकाच दिशेला जातंय."

मी तिथे रडले. आनंदाने रडले असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते, आणि पहिली दोन-चार मिनिटं ते खरंही असेल. मग मी विचारलं, "आता बरा होईल?"

त्यांनी गोड करून सांगितलं नाही. शिरा लांबल्या आहेत. व्यायामाने पुष्कळ सुधारतं, पण महिनोन्महिने करावा लागतो. तेवढ्याने नाहीच झालं तर ऑपरेशन असतं. तोवर मॅट बंद.

"नववीतच केला असता तर?"

"तेव्हा काही आठवडे नीट व्यायाम झाला असता तर," एवढं बोलून त्या पेनाचं टोपण लावत बसल्या. पुढचं मला कळलं. डाव्याचं विचारलं तर म्हणाल्या, एक घोटा बिघडला की पुष्कळदा दुसऱ्याचाही तोल बिघडतो, आणि तू तर सगळा भार त्याच्यावर टाकत आलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाडायच्या यंत्रावर चढलीस आणि पडलीस. त्यात नवल काय? मॅटवर कुठं चष्मा असतो, बाळा?"

"सर, बाकीच्या नाही पडल्या."

"म्हणून त्या संघात आहेत."

ते चिडून बोलले नव्हते. खरंच त्यांना तसं वाटत होतं. मला जे पुरावा वाटत होतं, त्याच्यातून त्यांनी एवढंच काढलं की ही मुलगी कामाची नाही. आणि तसं बघितलं तर तेही खरंच होतं. मी दोन पिशव्या भरल्या आणि अकोल्याची गाडी पकडली.

घरी मी व्यायाम सुरू केला. घडी घातलेल्या गोधडीवर एका पायावर उभं राहायचं, भिंतीवर चेंडू मारून झेलायचा, डोळे मिटून उभं राहायचं. आजूबाजूच्या बायका येताजाता बघायच्या. मी आप्पांना फक्त उजव्या पायाचं सांगितलं होतं. डाव्याचं सांगितलं नाही. का ते मला धड सांगता येणार नाही. त्यांनी मला दोन पायांवर पळायला शिकवलं होतं, एक तरी त्यांच्यासाठी ठेवावा असं काहीतरी वाटलं असेल.

"डोळं बांधून तपासत्यात?" आप्पांनी विचारलं होतं. "मंग तर मी बी पडंन."

काही महिन्यांनी मॅडमनी पुन्हा तपासायला बोलावलं, तेव्हा मात्र ते म्हणाले, "मी येतो." पावसाळी पर्यटकांची गर्दी ओसरली होती, जीप रिकामीच होती. वाटेत थांबलो ते एकदाच. संगमनेरला चहा प्यायलो. त्यांनी माझ्यासाठी खारी सांगितली, लहानपणी सांगायचे तशी.

खोलीत मॅडमनी त्यांना कॉम्प्युटरजवळ स्टूल दिलं. मला चष्म्यातून दिसत होतं तेच तिथे पडद्यावर दिसत होतं. दोन पायांवरचं माझं पहिल्यापेक्षा खूप सुधारलं होतं, मॅडम तसं मोठ्याने म्हणाल्या. मग उजवा. हॉल सरकला. मी पहिल्यापेक्षा जास्त टिकले, नक्की टिकले, आणि मग सगळं कललं आणि मी गेले. पट्टा ताणला जायच्या आत दोन हातांनी मला धरलं. डिझेलचा वास आला. आप्पा होते.

"काका, बसा, पट्टा आहे तिला," मॅडम म्हणाल्या.

आप्पा बसले नाहीत. मी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. ते पाटीकडे बघत होते, मग माझ्या पावलाकडे, पुन्हा पाटीकडे. मी पडले तेव्हा मला कोणी हात लावला नव्हता, काही हललं नव्हतं, आणि मी कापलेल्या झाडासारखी आले होते. हे त्यांनी हातभर अंतरावरून बघितलं होतं.

"आता डावा बघू," मॅडम म्हणाल्या.

"डावा कशाला? त्यो बरा हाय ना?" आप्पांनी मला विचारलं.

मी चष्मा खाली ओढला. आत तो हॉल होता, आणि बाहेरून आप्पांचा आवाज आला, हळू, "डावा बी?"

तपासणी झाल्यावर मॅडम त्यांना समजावत होत्या. सुधारणा आहे, काका. व्यायाम सोडायचा नाही. रोजच्या कामाला काही अडचण नाही. वर्षभराने कदाचित ती हलकं खेळूही शकेल. आप्पा मान हलवत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "ह्याचा फोटो काढू का?" आणि पडद्यावरच्या त्या लोकरीच्या गुंत्याचा मोबाईलवर फोटो काढला.

जिना उतरताना त्यांनी माझा दंड धरला. मी म्हणाले, "आप्पा, मला उतरता येतं." त्यांनी सोडला नाही. लोक वर चढत होते, आमच्याकडे बघून बाजूला होत होते.

मला वाटलं होतं, त्यांनी विश्वास ठेवला की सगळं नीट होईल. खेळ नाही तर निदान घरात तरी. पण त्यांनी विश्वास ठेवला तो मॅडमपेक्षाही जास्त. मॅडम म्हणत होत्या सुधारणा आहे, ती त्यांना ऐकूच आली नाही. त्यांना दिसली ती फक्त मी पडताना. पुढच्या पावसाळ्यात भाताच्या आवणीला मी खाचरात उतरायला निघाले तर बांधावरून ओरडले, "तिला उतरवू नका रं! मोडंल ती!" रांगेतल्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी हातातली रोपांची जुडी खाली ठेवली आणि घरी आले. पाणी आणायला जाऊ देत नसत. टेकडीवरच्या देवळात जाऊ देत नसत. जीप स्टँडवर तो फोटो सगळ्यांना दाखवून झाला होता. माझ्या लग्नाचं बघायला संगमनेरकडचे पाहुणे आले, तेव्हा चहा व्हायच्या आधीच आप्पांनी मोबाईल काढला. "फसवनूक नको. पोरीचे दोन्ही घोटे कामातून गेल्यात, हे बघा." पाहुण्यांनी तो फोटो आदराने बघितला, एकमेकांकडे दिला. पोह्यांना कोणी हात लावला नाही.

ते गेल्यावर मी म्हणाले, "आप्पा, मॅडमनी असं सांगितलं नव्हतं."

"मी सोता बघितलं ना," ते म्हणाले. आणि मग एकदम आवाज बसला त्यांचा. "त्या टायमाला मी तुला काय काय बोललो गं."

मी न खाल्लेल्या पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागले. ते आत निघून गेले. आई भांडी घासत होती, तिने नळ थोडा जास्त सोडला.

व्यायाम मी कधी सोडला ते नक्की सांगता येत नाही. एक दिवस पाहुणे होते म्हणून राहिला, एक दिवस ताप होता म्हणून. गोधडी घडी घालून कोपऱ्यात असायची, नंतर कोणीतरी पांघरायला घेतली. ज्या घरात सगळे तू पडणारच असं धरून चालतात, तिथे रोज सकाळी एका पायावर उभं राहायला काहीतरी लागतं. ते माझ्यात उरलं नव्हतं. आधी सगळ्यांनी मला भित्री म्हटलं तेव्हा मी रागाने तरी खेळत होते. आता राग धरायला कोणी नव्हतं, सगळे माझ्याशी फार चांगले वागत होते.

सध्या मी शिर्डीला एका हॉटेलच्या काउंटरवर असते. दर्शनाला आलेल्या लोकांना खोल्या द्यायच्या, आरतीच्या वेळा सांगायच्या, टॅक्सी बोलवायची. दिवसभर उभं राहावं लागतं, पण गुळगुळीत फरशीवर एकाच जागी. त्याचा त्रास होत नाही. जिन्याने जायची वेळ आली तर कठडा धरते. समोरच्या पटांगणात हिवाळ्यात कबड्डीचे सामने भरतात, तेव्हा मी मालकांना सांगून मागच्या बाजूची ड्युटी घेते.

मध्ये मॅडमचा फोन आला. अजून त्यांचं ते काम सुरू आहे. मी आधी आलेली म्हणून त्यांना माझा पाय पुन्हा बघायचा होता. "व्यायाम चालू आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"छान. मग ये एकदा. मला वाटतं तुझ्यात आणखी पुष्कळ फरक पडू शकतो. खरंच वाटतं."

येते म्हणाले. समोर बॅगा घेऊन एक कुटुंब उभं होतं, त्यांना खोलीची चावी दिली, लिफ्ट कुठे आहे ते हाताने दाखवलं. त्यानंतर दोन-तीनदा मॅडमचा नंबर मोबाईलवर दिसला. मी फोन उचलला नाही.